चित्राखालची ओळ वाचा: गोव्यात बसून चांगले फोटोब्लॉग आणि सामूहिक फोटो-प्रकल्प कसे शोधावेत

‘गोवा फोटोग्राफी’ असं टाकून शोधलं की आधी लग्नाआधीचे फोटो काढून देणारे भेटतात, मग भाड्याने व्हिला देणारे, मग ‘फोटोसाठी गोव्यातल्या २५ जागा’ सांगणाऱ्या याद्या. या याद्यांतले फोटो बरेचदा विकतचे किंवा उसने असतात. यादी लिहिणारा त्या जागी गेलेला असेलच असं नाही. म्हणून राज्याच्या नावाने शोधू नका. गावाच्या, वाड्याच्या, जत्रेच्या, वस्तूच्या नावाने शोधा. ‘गोवा समुद्रकिनारा’ सोडून ‘खाजन मानस’, ‘माशेल चिखलकालो’, ‘कुंभारजुवे सांगोड’, ‘तांबडी सुर्ला’, ‘कावी कला’ असे शब्द टाकून बघा. खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीत, खारं पाणी अडवणाऱ्या दाराला मानस म्हणतात हे ज्याला ठाऊक आहे, तो भरती-ओहोटी बघत त्या दारापाशी कधीतरी उभा राहिला असणार. त्याच्या ब्लॉगवर आठच फोटो असले तरी चालतील.

नावांची रूपं

गोव्यात नावांचीच पंचाईत आहे. देवनागरीत एक, आजच्या इंग्रजीत दुसरं आणि पोर्तुगीज काळातलं तिसरं, आणि शोधयंत्राला ही तिन्ही एकाच गावाची आहेत हे दर वेळी कळतं असं नाही. पणजीचे फोटो हवे असतील तर पणजी, पंजिम, पांगिम आणि नोव्हा गोवा अशी चारही नावं वेगवेगळी शोधावी लागतात. पणजीचं नोव्हा गोवा हे नाव १८४३ पासून सरकारी होतं. जुन्या पोस्टकार्डांवर तेच छापलेलं असतं, आणि कार्ड स्कॅन करून चढवणारा बहुधा छापलेली ओळ जशीच्या तशी उतरवतो. जुन्या गोव्यासाठी व्हेल्हा गोवा, तिसवाडीसाठी इल्हास, आणि सगळ्यांवर छत्री म्हणून ‘इंडिया पोर्तुगेझा’. सोझा अँड पॉल या जुन्या स्टुडिओचे फोटो याच वाटेने सापडतात, ‘ओल्ड गोवा फोटो’ टाकून नव्हे.

उलटा घोळही होतो. देवनागरीत ‘फोंडा’ शोधलं की सिंधुदुर्गातला फोंडाघाट येतो, तेव्हा सोबत ‘अंत्रुज’ हे गोव्यातल्या फोंडा भागाचं जुनं नाव किंवा देवळाचं नाव जोडा. माशेलचं इंग्रजी रूप मार्सेल. ते नुसतं टाकलंत तर त्या नावाचे फ्रान्समधले गृहस्थ हजर होतात. कुशावतीकाठच्या कातळशिल्पांना कुणी पणसायमळ म्हणतं, कुणी उसगाळीमळ, कुणी नुसतं रिवण. अशा नावांचा एक कागद करून भिंतीला लावा. महिनाभरात तो तीस-चाळीस ओळींचा होतो आणि बाकी कुठल्याही युक्तीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मराठी संकेतस्थळांसाठी आणखी एक किल्ली आहे. मायबोलीवर फोटोंच्या लेखांत चित्रांना ‘प्रचि १’, ‘प्रचि २’ असे क्रमांक देण्याची जुनी रीत आहे. प्रचि म्हणजे प्रकाशचित्र. अवतरणचिन्हांत ‘प्रचि १’ आणि पुढे गावाचं नाव टाकलं की थेट फोटोंसह लिहिलेले प्रवासलेख हाती लागतात. मिसळपाववर त्यासाठी कलादालन हा विभाग आहे. तिथल्या प्रतिसादांत फोटोवर नेमकं बोलणारे चार-सहा जण नेहमीचे असतात. लेखापेक्षा त्यांची नावं टिपून ठेवा आणि त्यांचं स्वतःचं लिखाण उघडा.

गुगलवर गाळणी लावताना: नको असलेल्या शब्दाआधी मोकळी जागा न सोडता वजाचं चिन्ह द्या, म्हणजे वजा-हॉटेल, वजा-पॅकेज, वजा-टूर. एकाच संकेतस्थळात शोधायचं तर रोमन लिपीत ‘साइट’, त्याला चिकटून दोन उभे ठिपके, त्याला चिकटून पत्ता. मध्ये जागा सुटली की ही आज्ञा चालत नाही, आणि चूक बहुतेक इथेच होते. निकालांच्या वर ‘वेब’ नावाची गाळणी २०२४ पासून आहे. ती लावली की व्हिडिओ आणि खरेदीचे चौकोन जातात, नुसते दुवे उरतात. चित्रांच्या शोधात ‘टूल्स’मध्ये वापरहक्कांची गाळणी असते. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे ठराविक अटींवर इतरांना मोकळेपणी वापरू देणारा परवाना, निवडलं की सामूहिक प्रकल्पांत दिलेले फोटो वर येतात, आणि त्या फोटोंमागून प्रकल्पांपर्यंत पोचता येतं.

पाच मिनिटांत पारख

ब्लॉग सापडला की फोटो बघायच्या आधी फोटोखालची ओळ वाचा. ‘मॅजिकल मॉर्निंग’ असं लिहिलेलं असेल तर पुढे जा. ‘चोडण फेरीच्या धक्क्यावरून, ओहोटी, जानेवारी’ असं लिहिलेलं असेल तर थांबा. ठिकाण, काळ आणि निदान एक गोष्ट जी फोटोत दिसत नाही पण माहीत असायला हवी, एवढं जो सातत्याने लिहितो त्याचं काम चांगलं निघण्याची शक्यता मोठी. अशा ओळी कशा लिहाव्यात हे शिकायचं असेल तर ‘परी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, उघडा. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ मराठीतही वाचता येतं, आणि फोटोतला माणूस कोण, कुठला, काय करतोय हे तिथे बहुधा नावानिशी दिलेलं असतं.

मग एकाच जागेचे दोन-तीन फोटो आहेत का बघा. एकच देखणा फोटो उचललेलाही असू शकतो, हल्ली यंत्राने बनवलेलाही. पण त्याच देवळाची दीपमाळ, मागची भिंत आणि समोरचं झाड असे तीन कोन जुळत असतील तर माणूस तिथे गेला होता. शंका आली तर फोटो गुगल लेन्स किंवा टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या साधनांत टाका. टिनआयमध्ये सर्वांत जुनी नोंद आधी असा क्रम लावता येतो, त्यावरून मूळ फोटो कुणाचा याचा अंदाज येतो. पणजीतल्या फोंतायन्हास या जुन्या वस्तीच्या नावाखाली लिस्बनची गल्ली खपवलेली असू शकते. दुकानांच्या पाट्या आणि स्कूटरच्या नंबरप्लेट बघितल्या की दोन सेकंदांत कळतं.

शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची असेल म्हणून ब्लॉग टाकून देऊ नका. बंद पडलेल्या ब्लॉगांत सोनं असतं. न्यूयॉर्क टाइम्सचा लेन्स हा फोटोब्लॉगही २००९ ते २०१९ एवढाच चालला. जुन्या ब्लॉगांची खरी अडचण म्हणजे फोटोंच्या जागी रिकामे चौकोन दिसणं. पिकासा वेब अल्बम २०१६ मध्ये बंद झालं, फोटोबकेटने २०१७ मध्ये बाहेरच्या पानांवर फोटो दाखवायला मोठी वर्गणी लावली, गुगल प्लस २०१९ मध्ये गेलं. चौकोन दिसले तर पानाचा पत्ता वेबॅक मशीन या जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर टाका आणि त्या वर्षाआधीची प्रत उघडा. छोटे फोटो बहुधा वाचलेले असतात, मोठे नेहमी नाही.

चांगला ब्लॉग दुसऱ्या चांगल्या ब्लॉगकडे नेतो. बाजूच्या पट्टीतली आवडत्या दुव्यांची यादी, आभाराची ओळ, प्रतिसाद देणाऱ्यांची नावं, सगळं उघडा. वीस दुव्यांतून दोन कामाचे निघाले तरी चांगलं समजा. ते लक्षात राहावेत म्हणून फीडली किंवा इनोरीडरसारख्या फीडवाचकात भरा, म्हणजे ब्लॉगवरची नवी नोंद तिथे आपोआप दिसते. फीडचं चिन्ह दिसत नसेल तर वर्डप्रेसच्या पत्त्याअखेर तिरपी रेघ देऊन रोमन लिपीत ‘फीड’ लिहा. ब्लॉगस्पॉटला ‘फीड्स’, ‘पोस्ट्स’, ‘डिफॉल्ट’ हे तीन शब्द तिरप्या रेघांनी जोडून लिहा. इन्स्टाग्रामला ही सोय नाही, आणि तिथे चांगलं काम हरवतं ते बरंचसं यामुळेच.

फ्लिकर या फोटो-संकेतस्थळावरच्या गटांची पारख वेगळी. सभासद किती हे बघू नका. गेल्या आठवड्यात किती फोटो आले आणि चर्चेच्या पानावर शेवटचं कुणी कधी बोललं ते बघा. दर दिवशी एका सभासदाने एक-दोनच फोटो द्यायचे असा नियम असलेले गट सहसा बरे, कारण तिथे निवड करूनच फोटो दिला जातो. फुकट खात्याला एक हजार फोटोंची मर्यादा आहे, तेव्हा सगळं कार्ड तिथे ओतू नका.

कॉमन्स आणि सप्टेंबर

सामूहिक प्रकल्पांत आधी हात घालावा तो विकिमीडिया कॉमन्समध्ये. २००४ मध्ये सुरू झालेल्या या भांडारातूनच विकिपीडियाच्या पानांवर बहुतेक फोटो येतात. गोव्याच्या वर्गांत शिरा, तालुक्यांच्या उपवर्गांत जा आणि कुठे काय नाही ते बघा. बों जेझूचे आणि कळंगुटचे फोटो पुरेसे आहेत. सांगे, केपे, धारबांदोडा, सत्तरी इकडच्या छोट्या देवळांची, तळ्यांची, बंधाऱ्यांची पानं उघडा. जिथे फोटो नाही किंवा एकच धूसर फोटो आहे तिथे तुमचं काम आहे.

विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स ही वारसास्थळांची स्पर्धा नेदरलँड्समध्ये २०१० साली सुरू झाली आणि दर सप्टेंबरात जगभर चालते. भारत दरवर्षी असतोच असं धरून चालू नका. यंदाचं भारताचं पान आहे का ते ऑगस्टअखेर तपासा. गोव्यात सप्टेंबर म्हणजे पाऊस, चवथ आणि ओलं आभाळ, म्हणून बरेच जण सोडून देतात. पण नियम नीट वाचा: फोटो त्या महिन्यात चढवलेला असावा लागतो, काढलेला कधीचाही चालतो. तेव्हा डिसेंबर-जानेवारीच्या तिरप्या उन्हात फोटो काढून ठेवा आणि सप्टेंबरात चढवा. कातळशिल्पांसाठी तर हे अटळच, कारण दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात खोदलेल्या रेषा दिसत नाहीत आणि पावसात नदी चढते. नैसर्गिक स्थळांसाठी विकी लव्ह्ज अर्थ आहे, आणि शिगमो, जागर, धालो अशा लोकोत्सवांसाठी फेब्रुवारीत सुरू होणारं विकी लव्ह्ज फोकलोर.

चढवताना चुका होतात त्या ठरलेल्या. कॅमेऱ्याने दिलेलं ‘डीएससी ०१२३’ असं नाव नाकारलं जातं. नावात जागा आणि विषय लिहा, देवनागरीतही चालतं. वर्णनाची भाषा मराठी निवडता येते. आयफोनचा एचईआयसी प्रकार कॉमन्स घेत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ ठेवा म्हणजे जेपेग मिळेल. फोटोवर स्वतःचं नाव छापू नका, ते वर्णनात येतंच. आणि आधी फेसबुकवर टाकलेला फोटो तिथून उतरवून इथे चढवू नका. त्याचा आकार लहान होतो, कॅमेऱ्याची माहिती पुसली जाते, आणि दुसऱ्याचा उचलला या संशयावरून तो काढून टाकण्याचा प्रस्ताव येतो. मूळ फाइलच द्या.

परवान्याचं पक्कं ठरवून मगच पुढे जा. सीसी बाय-एसए हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना दिला की परत घेता येत नाही. कुणीही, पैसे मिळवण्यासाठीसुद्धा, तुमचं नाव देऊन तो फोटो वापरू शकतो. ‘व्यापारी वापर नको’ हा परवाना कॉमन्सवर चालत नाही. हे पटत नसेल तर तो फोटो देऊ नका, दुसरा द्या.

दुसरी खोच कायद्यात आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७, याच्या कलम ५२ प्रमाणे इमारतीचा आणि सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो काढून प्रसिद्ध करता येतो. भिंतीवरच्या रंगवलेल्या चित्राला ही सूट लागू नाही. चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०११ मध्ये वारलेल्या मारिओ मिरांडांच्या चित्रांवर २०७१ अखेरपर्यंत. त्यांच्या चित्रांवरून रंगवलेल्या भिंतीचा जवळून काढलेला फोटो कॉमन्सवर टिकणार नाही. रस्त्याच्या फोटोत ती भिंत कोपऱ्यात ओझरती आली तर प्रश्न नाही. देवळांच्या जुन्या कावी भित्तिचित्रांना ही अडचण नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जागी हातातल्या कॅमेऱ्याला सहसा कुणी अडवत नाही, पण तिपाई उभी करायची तर लेखी परवानगी लागते. देवळात गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवण्याआधी देवस्थान समितीच्या माणसाला विचारा.

फुलपाखरं, बेडूक, आळंबी

निसर्गाच्या फोटोंसाठी आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल. दोन्हींची सुरुवात २००८ ची. इथे देखणेपणाला मार्क नाहीत, ओळख पटण्याला आहेत. एका नोंदीत एकच जीव. फुलपाखराचे पंख वरून आणि मिटलेले असे दोन फोटो. आळंबीची टोपी, खालच्या पाकळ्या आणि देठाचं बूड. झाडाचं पान, साल आणि फूल. नुसतं फूल दिलं तर ओळख महिनोन्महिने अडकते. कुंडीतल्या जास्वंदीला ‘लावलेलं’ अशी खूण करा, नाहीतर ती रानातली म्हणून मोजली जाते. तारीख, जागा आणि फोटो असेल आणि ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं जुळलं, तर नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगी, होते.

ठराविक काळात या कामाला गर्दी होते: एप्रिलअखेर सिटी नेचर चॅलेंज, जुलैत पतंगांचा आठवडा, सप्टेंबर फुलपाखरांचा महिना. पतंगांसाठी कुठे जावं लागत नाही. पावसाळी रात्री पडवीतल्या दिव्याखाली पांढरी चादर टांगा, तासाभरात वीस जाती बसतात.

जागा मात्र जपून द्या. धोक्यातल्या जातींची जागा आयनॅचरलिस्ट आपोआप धूसर करतं, नकाशावर सुमारे २० किलोमीटरच्या चौकोनात. पण त्याच फोटोखाली ‘गालजीबाग, तिसऱ्या सुरूपाशी’ असं लिहिलंत तर त्याचा काय उपयोग? कासवांची घरटी, घुबडाची ढोली, रानातली ऑर्किडं यांच्या ओळीत फक्त तालुका लिहा. चित्राखालच्या ओळीत कमी लिहावं अशी ही एकच जागा.

घरचे आल्बम

जुन्या घरगुती फोटोंचे प्रकल्पही आहेत. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेला इंडियन मेमरी प्रोजेक्ट त्यांतला ठळक. फोटोसोबत त्यामागची हकीकत तिथे मागतात. द्यायचं ठरलं तर आल्बम जुलैत उघडू नका. दमट हवेत फोटो एकमेकांना आणि प्लास्टिकला चिकटलेले असतात, ओढले की वरचा थर सुटतो. जानेवारीत, कोरड्या दिवशी काढा. पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयवर, पासपोर्टएवढा १२०० वर, आणि मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का आणि आजीच्या अक्षरातली तारीख तिथेच असते. चिकट पानांच्या आल्बममधून फोटो सुटत नसेल तर जोर करू नका, खिडकीच्या बाजूच्या उजेडात पानासकट त्याचाच फोटो घ्या. फोटोतल्या हयात माणसांना विचारल्याशिवाय काही चढवू नका. नंतर वाद होतात ते बहुधा चुलत घराशी.

पाचजणांचा आपला प्रकल्प

हवा तसा प्रकल्प सापडला नाही तर सुरू करा, पण आवाका लहान ठेवा. एव्हरीडे आफ्रिका हा प्रकल्प २०१२ मध्ये दोघांनी फोनवरच्या रोजच्या फोटोंनी सुरू केला आणि त्या धर्तीवर पुढे इतर देशांत इन्स्टाग्राम खाती निघाली. ‘गोव्याचे सण’ असा विषय पाचजणांना कधीच पुरा होणार नाही. ‘आमच्या पंचायतीतल्या सगळ्या मानशी’ किंवा ‘वाड्यावरच्या तुळशी वृंदावनांचे चाळीस फोटो, दिवाळी ते तुळशीचं लग्न’ हा होतो.

असे प्रकल्प रुचीवर कमी आणि व्हॉट्सअॅपवर जास्त मोडतात. तिथे साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि तारीख, जागा पुसली जाते. सहा महिन्यांनी कुणाचा, कुठला, काही कळत नाही. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल जाते. गुगल फोटोजचा सामायिक आल्बम चालेल, पण बॅकअपचा दर्जा ‘ओरिजिनल’ ठेवायला हवा आणि १५ जीबीची फुकट जागा जीमेलशी वाटून मिळते हे लक्षात ठेवा. सगळ्यांच्या कॅमेऱ्यांची घड्याळं पहिल्याच दिवशी फोनशी जुळवा. दोन कॅमेऱ्यांत पाऊण तासाचा फरक असला तर चिखलकाल्याचे फोटो क्रमाने लागत नाहीत. फाइलचं नाव ठरवून टाका: वर्ष-महिना-दिवस, गाव, विषय, काढणाऱ्याची आद्याक्षरं. सोबत एक सामायिक तक्ता, त्यात चित्राखालची ओळ त्याच रात्री लिहायची. दुसऱ्या दिवसावर ढकललेली ओळ लिहिली जात नाही.

स्पर्धा आणि ‘फोटो पाठवा’ अशी आवाहनं आली तर आधी अटींच्या पानावर जाऊन तीन शब्द शोधा: ‘परपेच्युअल’, ‘सबलायसन्सेबल’ आणि ‘ऑल एन्ट्रीज’. पहिले दोन म्हणजे कायमचा वापर आणि तो पुढे इतरांना देण्याची मोकळीक. तिसरा त्यांच्याजवळ असेल तर हे सगळं बक्षीस न मिळालेल्या फोटोंनाही लागू. प्रवेशशुल्क आणि या अटी दोन्ही असतील तर पाठवू नका. अटींचं पानच नसेल तर आयोजकांना लिहून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत फोटो आपल्याकडेच ठेवा.